मोरोविंडमध्ये मंतरलेलं शस्त्र कसाला कसं लावायचं

मोरोविंड नव्याने खेळायला घेतलेल्या माणसाची पहिल्या काही तासांतली एक तक्रार ठरलेली असते: "आगीचा खंजीर मिळाला, पण आगीने काही होतच नाही." मीही हेच म्हणायचो. पुढे कळलं की या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणं असू शकतात. वार लागलाच नसेल, वार लागला पण समोरच्याला आग बाधतच नसेल, किंवा शस्त्रातला चार्ज, म्हणजे मंत्र फुटायला लागणारी साठवलेली शक्ती, संपला असेल. पडद्यावर मात्र तिन्ही वेळा एकच दिसतं, शत्रू उभाच. ही तीन कारणं एकमेकांपासून वेगळी काढता आली की मंतरलेल्या शस्त्राची पारख आली. बाकीचं आपोआप जमतं.

गेमविषयी दोन ओळी. बेथेस्डाचा हा गेम २००२ सालचा. कथा घडते व्हार्डेनफेल बेटावर, तिथल्या डन्मर लोकांच्या मुलखात. ट्रायब्युनल आणि ब्लडमून या दोन्ही जोड-भागांसह (एक्सपान्शन) असलेली आवृत्ती आज स्टीम आणि जीओजीवर मिळते. ट्रायब्युनल असलेली आवृत्तीच घ्या, कारण शत्रूच्या जिवाची पट्टी तिच्यासोबत आली आणि चाचणीला ती लागतेच. जुन्या लॅपटॉपवर किंवा लिनक्सवर खेळायचं असेल तर ओपनएमडब्ल्यू हे मोफत इंजिन आहे. त्याला मूळ गेमच्या फाइल्स मात्र लागतात, म्हणजे गेम विकत घ्यावा लागतोच.

पायरी १: शस्त्राची पाटी नीट वाचा

माऊसचं उजवं बटण दाबून सामानाची खिडकी उघडा आणि शस्त्रावर बाण नुसता टेकवा. छोटी पाटी उघडते. वरच्या भागात शस्त्राची स्वतःची धार असते: चॉप, स्लॅश आणि थ्रस्ट या तीन प्रकारच्या वारांचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडे. त्याखाली शस्त्राची अवस्था आणि वजन. शेवटी मंत्राचा भाग येतो, आणि नवखा माणूस नेमका तोच वाचायचा सोडतो.

तिथे सगळ्यात आधी मंत्र कधी फुटतो ते पाहा. 'कास्ट व्हेन स्ट्राइक्स' म्हणजे वार लागला की आपोआप. 'कास्ट व्हेन यूज्ड' म्हणजे जादूच्या यादीतून ती वस्तू निवडून, जादू टाकतो तशी टाकायची. अशा खंजिराने शंभर वार केले तरी मंत्र फुटणार नाही, कारण तो वाराशी बांधलेलाच नाही. 'कॉन्स्टंट इफेक्ट' म्हणजे हातात धरलं की चालू, ठेवलं की बंद. आणि 'कास्ट वन्स' हा मंत्र लिहिलेल्या गुंडाळीचा (स्क्रोल) प्रकार, एकदा वापरली की संपली.

मग आकडे. 'फायर डॅमेज ५ ते १५, ३ सेकंद' असं लिहिलं असेल तर ५ ते १५ हे दर सेकंदाचं माप आहे. म्हणजे एका वारामागे १५ ते ४५. सेकंदांचा आकडा न बघता दोन शस्त्रांची तुलना केली की हमखास फसगत होते. '१० पॉइंट, १ सेकंद' वाचायला भारी वाटतं, पण '४ पॉइंट, ५ सेकंद' त्याच्या दुप्पट आहे. फक्त तेवढा वेळ शत्रू जिवंत असायला हवा आणि तुम्हीही.

पायरी २: सेव्ह करा आणि बाकी सगळं सारखं ठेवा

एफ-५ने झटपट सेव्ह होतं, एफ-९ने परत येता येतं. चाचणी सुरू करण्याआधी मात्र वेगळ्या नावाने पक्कं सेव्ह करून ठेवा. झटपट सेव्हवर नंतरचं झटपट सेव्ह चढतं आणि मग मूळ जागा हाती लागत नाही.

दोन शस्त्रांची तुलना करायची तर शस्त्र सोडून बाकी काहीही बदलता कामा नये. अडचणीची पट्टी सारखी ठेवा. ती मधोमध, शून्यावर असलेली बरी. शस्त्राची अवस्था पूर्ण भरलेली हवी, कारण झिजलेल्या शस्त्राची धार त्या प्रमाणात कमी होते. हातोडा वापरून दुरुस्त करा किंवा लोहाराकडे द्या. ताकद वाढवणारं औषध एका फेरीत प्यायलात तर दुसऱ्या फेरीतही प्या, नाहीतर दोन्हीत नको. तुमच्या स्ट्रेंग्थवर धारेचा हिशेब चालतो: स्ट्रेंग्थ ५० असेल तर पाटीवरचे आकडे जसेच्या तसे लागू होतात, १०० असेल तर दीडपट होतात.

शिवाय उभं राहून मारताय की चालता चालता, यालाही अर्थ आहे. स्थिर उभे असाल तर चॉप, बाजूला सरकत असाल तर स्लॅश, पुढे-मागे जात असाल तर थ्रस्ट. खंजिराचा थ्रस्ट आणि कुऱ्हाडीचा चॉप यांत केवढा फरक असतो ते पाटीवरच दिसतं. ऑप्शन्समध्ये 'ऑल्वेज यूज बेस्ट अटॅक' चालू करून टाका, ही कटकट मिटते.

पायरी ३: वार लागतोय का, ते आधी बघा

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसली म्हणून वार लागला असं होत नाही. आत फासे पडतात. हिशेब असा: शस्त्राचं कौशल्य, त्यात अ‍ॅजिलिटीचा (चपळाई) पाचवा भाग, त्यात लकचा (नशीब) दहावा भाग. या बेरजेला दमाच्या प्रमाणात गुणायचं. हिरवी फटीगची पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ने, पूर्ण रिकामी असेल तर ०.७५ने. मग त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता वजा. तीही त्याच्या अ‍ॅजिलिटी, लक आणि दमावरून निघते.

आकडे घालून बघू. समजा तुमचं शॉर्ट ब्लेड, म्हणजे खंजिरासारख्या छोट्या पात्यांचं कौशल्य, ३०, अ‍ॅजिलिटी ४० आणि लक ४०. बेरीज ३० + ८ + ४ = ४२. दम पूर्ण असेल तर ५२.५. समोरच्याचीही अ‍ॅजिलिटी आणि लक ४०-४० आणि तोही ताजातवाना, तर त्याचे १५ वजा होतात. उरले ३७.५. म्हणजे दर २० वारांत साधारण ७-८ लागतील. आता हाच माणूस सेडा नीन या सुरुवातीच्या गावापासून धावत धावत, उड्या मारत आला आणि हिरवी पट्टी तळाला गेली, तर त्याच्या ४२चे ३१.५ होतात, १५ वजा जाता १६.५ उरतात. म्हणजे २० वारांत जेमतेम तीन.

खंजीर तोच, मंत्र तोच, हात तोच, पण एकदा तो कामाचा वाटतो आणि एकदा बिनकामाचा. 'कास्ट व्हेन स्ट्राइक्स'चा मंत्र लागलेल्या वारावरच फुटतो. चुकलेल्या वाराने चार्जही खर्च होत नाही. त्यामुळे तुम्हाला वाटतं की खंजिरात काहीच नाही, आणि तो बिचारा भरलेला तसाच पडून असतो.

म्हणून चाचणीआधी थांबा. टी दाबून थोडी विश्रांती घ्या, हिरवी पट्टी भरू द्या, मग चालत शत्रूकडे जा. कान उघडे ठेवा, चुकलेल्या वाराचा नुसता हवेत फिरल्याचा आवाज येतो आणि लागलेल्याचा ठोका वेगळा असतो. दोन-चार लढायांत कान तयार होतो. लागलेला वार आणि मारलेला वार यांची मोजदाद वेगवेगळी ठेवा. मी कागदावर दोन रकाने करतो, मारले आणि लागले. मंत्राची पारख फक्त दुसऱ्या रकान्यावरून करायची.

पायरी ४: धार वेगळी मोजा, मंत्र वेगळा मोजा

मंतरलेल्या शस्त्राचे दोन घाव असतात. एक पोलादाचा, एक जादूचा. पोलादाच्या घावाला स्ट्रेंग्थ, शस्त्राची अवस्था, समोरच्याचं चिलखत या सगळ्याचा हिशेब लागतो. आणखी एक, बटण किती वेळ दाबून धरलंत याचाही. हात पूर्ण मागे नेऊन सोडलेला वार जोरात बसतो, टिचकीसारखा वार हलका बसतो. मंत्राला यातलं काहीच लागत नाही. टिचकीनेही तो तेवढाच फुटतो आणि चिलखतावर अडत नाही.

हे स्वतः बघण्यासारखं आहे. दोन सारखे लोखंडी खंजीर घ्या, एक साधा आणि एक मंतरलेला. साध्याने हात पूर्ण मागे नेऊन दहा वार लागेपर्यंत मारा, मग साध्यानेच दहा टिचक्या. एफ-९ दाबून मागे या आणि मंतरलेल्याने हेच करा. साध्या खंजिराच्या टिचक्यांत पाटीवरचा कमीत कमी आकडाच लागतो. मंतरलेल्याच्या टिचक्यांनी शत्रूच्या जिवाची पट्टी जवळपास पूर्ण वारांइतकीच खाली येते. म्हणूनच जोरदार मंत्रासाठी जड हातोड्यापेक्षा खंजिरासारखं चपळ शस्त्र मला आवडतं. एका हातोड्याच्या वारात खंजिराच्या तीन टिचक्या होतात आणि तिन्ही वेळा मंत्र फुटतो. किंमत अशी की लहान शस्त्रात मंत्र मावतो थोडा.

पट्टी बघून अंदाज येतो, आकडा कळत नाही. पीसीवर आकडा हवा असेल तर टॅबच्या वरचं, टिल्ड चिन्हाचं बटण दाबून कन्सोल उघडा. गेम जागच्या जागी थांबतो. मग शत्रूवर क्लिक करा, त्याचं नाव कन्सोलच्या माथ्यावर येतं. 'गेट हेल्थ' हे दोन शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. त्याचा त्या क्षणाचा जीव आकड्यात दिसतो. वाराआधी एकदा, वारानंतर एकदा. मंत्र काही सेकंदांचा असेल तर एक वार मारून मागे सरका, तेवढे सेकंद मनात मोजा आणि मगच दुसरा आकडा घ्या. घाईने घेतलात तर अर्धीच आग मोजली जाईल. या आज्ञेने गेममध्ये काही बदलत नाही, फक्त दिसतं. त्यामुळे फसवणूक केल्याची चुटपुट नको. अमर होण्याची आज्ञा मात्र चाचणीच्या वेळी देऊ नका. खऱ्या लढाईत दम संपतो, मार बसतो, पळावं लागतं. शस्त्र त्यात टिकतं का ते बघायचंय.

एका वारावरून मत बनवू नका. '५ ते १५' असा मंत्र एकदा ५ देईल आणि एकदा १५. समोरचा कधीकधी थोडा प्रतिकार करून जातो, तेही त्यात मिसळतं. निदान दहा लागलेले वार हवेत. सरासरी काढा.

पायरी ५: कोणावर वापरायचं, त्याच्यावरच तपासा

आता माझ्या आगीच्या खंजिराची गोष्ट. तो मी सेडा नीनच्या आसपासच्या उंदरांवर आणि खेकड्यांवर तपासला होता. एका टोच्यात उंदीर पेटायचा आणि पडायचा. मोठ्या विश्वासाने गावाजवळच्या अड्डामासार्टस गुहेत तस्करांच्या पुढे उभा राहिलो. वार लागत होते, ज्वाळेचा भपकाही दिसत होता, पण समोरच्या डन्मर बाईला त्याचं काही वाटत नव्हतं. मीच मेलो. तीनदा.

कारण साधं होतं. डन्मर जन्मतः आगीला ७५ टक्के प्रतिकार करतात. १० पॉइंटची आग त्यांच्यावर अडीच पॉइंटची होते. आणि व्हार्डेनफेल हा डन्मर लोकांचाच मुलूख. म्हणजे नवख्याला सगळ्यात आकर्षक वाटणारा मंत्र या बेटावरच्या निम्म्याअधिक माणसांपुढे थंड पडतो. उंदरावरची चाचणी खोटी नव्हती, पण उंदरापुरतीच खरी होती.

वंशांचे हे आकडे पाठच करून ठेवावेत असे आहेत. नॉर्डला थंडी अजिबात बाधत नाही आणि विजेला तो ५० टक्के प्रतिकार करतो. आग, थंडी, वीज आणि विष सोडून इतर जादूला ब्रेटन ५० टक्के, ऑर्क २५ टक्के. रेडगार्ड विषाला ७५ टक्के, आर्गोनियनला विष लागतच नाही. याच्या उलट हाय एल्फ: आग आणि जादू दोन्हींपुढे तो ५० टक्क्यांनी कमकुवत आहे. त्याच्यावर तपासलेलं शस्त्र दैवी वाटेल. इम्पीरियलला यातलं काही नाही, म्हणून मोजमापासाठी इम्पीरियल तस्कर किंवा दरोडेखोर सापडला तर सोनं. प्राण्यांमध्ये हाच न्याय अ‍ॅट्रोनाकना लागतो. ज्वाळेच्या अ‍ॅट्रोनाकवर आग, बर्फाच्यावर थंडी आणि वादळाच्यावर वीज वाया जाते.

नव्या माणसाने एकच मंतरलेलं शस्त्र बाळगायचं तर मी विजेचं म्हणेन. डन्मरवर ती पूर्ण लागते, आणि अडते ती मुख्यतः नॉर्ड आणि वादळाच्या अ‍ॅट्रोनाकपाशी.

लक्ष्य निवडताना आणखी दोन गोष्टी. ढालवाला नको, अडवलेले वार मोजणीत गोंधळ घालतात. आणि दोन वारांत मरणारा नको, त्याच्यावर काही मोजून होत नाही. गावातल्या माणसावर तर हात उगारूच नका. मारहाणीला ४० सोन्याचा दंड, खुनाला १०००. सेव्ह परत उघडून हे पुसता येतं, पण बालमोरा गावाच्या रस्त्यात दोन पहारेकरी अंगावर येत असताना कुठलीही मोजदाद नीट होत नाही.

भुतांवरची चाचणी वेगळी आणि ती लवकर करा. सेडा नीनजवळ समारिस घराण्याचं थडगं आहे. तिथल्यासारख्या पूर्वजांच्या भुतांवर साधं लोखंड चालतच नाही. वार लागतो आणि शस्त्राचा काही परिणाम नाही अशी ओळ पडद्यावर येते. चांदीचं, डेड्रिक किंवा मंतरलेलं शस्त्र मात्र लागतं. इथे मंत्र किती मोठा हे महत्त्वाचं नाही, शस्त्र मंतरलेलं आहे एवढंच पुरतं. क्षुल्लक मंत्राचा लोखंडी खंजीरही थडग्यात तुमचा जीव वाचवेल. म्हणून मंतरलेलं शस्त्र कमजोर निघालं तरी दुसरं मिळेपर्यंत ते विकू नका.

पायरी ६: चार्जचा हिशेब वहीत

प्रत्येक मंतरलेल्या शस्त्रात चार्ज असतो आणि तो येतो सोल जेममध्ये पकडलेल्या आत्म्यातून. उंदराचा आत्मा १०चा, क्लिफ रेसर या उडत्या प्राण्याचा २०, स्कॅम्प या डेड्राचा (दुसऱ्या लोकातला राक्षसी जीव) १००, गोल्डन सेंट या बलाढ्य डेड्राचा ४००. आत्मा जेवढा, तेवढा चार्ज.

दर लागलेल्या वाराला मंत्राची किंमत वजा होते. ती किंमत तुमच्या एन्चांट, म्हणजे मंतरण्याच्या, कौशल्यावर ठरते. कौशल्य १० असेल तर पूर्ण किंमत, त्यापुढे प्रत्येक पॉइंटमागे एक टक्का कमी. समजा मंत्राची किंमत १० आणि आत्मा स्कॅम्पचा. कौशल्य १० असलेल्याला दहा वार मिळतील. कौशल्य ६० असलेल्याला तोच वार ५ला पडतो, म्हणजे वीस वार. कौशल्य १०० झालं की एकाच पॉइंटमध्ये एक वार, म्हणजे शंभर. त्याच खंजिरात, त्याच आत्म्यावर. मित्राने "माझं शस्त्र संपतच नाही" म्हटलं तर त्याला आधी त्याचं एन्चांट किती आहे ते विचारा.

तपासायचं असं: पाटीवरची चार्जची पट्टी वाचा, तीन वार लागू द्या, परत वाचा. किती उतरला ते दिसेल. त्याला तीनने भागलं की तुमची स्वतःची किंमत कळली, आणि एकूण चार्जला त्या किमतीने भागलं की एका भरण्यात किती वार ते कळलं. एका मोठ्या लढाईत साधारण किती वार लागतात ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. चार्ज त्याच्या निम्मासुद्धा नसेल तर ते शस्त्र शेवटच्या घावासाठी राखून ठेवायचं.

मोरोविंडमध्ये चार्ज हळूहळू आपोआप भरतो. याच मालिकेतल्या २००६च्या ऑब्लिव्हियनमध्ये तसं होत नाही, तिकडून इकडे आलेल्यांच्या हे लक्षात येत नाही. पण वेग फारच कमी, लढाईच्या मधोमध त्याच्या भरवशावर राहू नका. घाई असेल तर भरलेलं सोल जेम वापरून स्वतः भरता येतं, तेही कधीकधी फसतं.

पायरी ७: स्वतः मंतरताना, आधी स्वस्तात

इथपर्यंत आलात की स्वतःचं शस्त्र मंतरण्याची इच्छा होणारच. व्हायलाच हवी, मोरोविंडचा खरा आनंद त्यात आहे.

एकदा मंतरलेली वस्तू पुन्हा मंतरता येत नाही. म्हणून चांगल्या तलवारीला हात लावण्याआधी तोच मंत्र एका लोखंडी खंजिरावर, लहान आकड्यांत, उंदराच्या आत्म्यावर करून बघा. त्यासाठी तो परिणाम असलेली एखादी जादू तुम्हाला आधीपासून येत असायला हवी. विजेची एकही जादू येत नसेल तर यादीत वीज दिसणारच नाही. मग भरलेलं सोल जेम वापरायला घ्या, मंतरण्याची खिडकी उघडेल. त्यात प्रत्येक शस्त्राला एक मर्यादा दिसते आणि मंत्राचे पॉइंट त्या मर्यादेत बसवायचे असतात.

इथे एक बारकावा आहे, जो कोणी सांगत नाही. दोन परिणाम एकत्र घालायचे असतील तर त्यांचा क्रम बदलून बघा. आधी घातलेल्याची किंमत पुढच्यातही धरली जाते. म्हणून स्वस्त परिणाम आधी आणि महाग नंतर घातला की तोच मंत्र कमी पॉइंटमध्ये बसतो. सोल ट्रॅप (मरणाऱ्याचा आत्मा सोल जेममध्ये पकडणारा परिणाम) आणि मोठी वीज यांचा जोड करायचा असेल तर सोल ट्रॅप आधी. खिडकीत पॉइंटचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो, काही पणाला न लावता करून बघता येतं.

स्वतः मंतरताना काम फसलं तर आत्मा जातो, शस्त्र राहतं. फसण्याची शक्यता मूळ गेममध्ये दिसत नाही. ओपनएमडब्ल्यूमध्ये ती दाखवण्याची सेटिंग आहे. कौशल्य कमी असेल तर बालमोराच्या मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, गालबेडिर आहे, तिच्यासारख्या मंतरणाऱ्याकडून पैसे देऊन करून घ्या. तिथे फसत नाही, पण खिसा हलका होतो. सुरुवातीला मी आत्मा जमवायला सोल ट्रॅपचाच खंजीर करून घ्यायला सांगेन, वीज-आगीचा नंतर. सोल ट्रॅपला सेकंद थोडे जास्त ठेवा, पाचएक, कारण जीव गेला त्या क्षणी तो परिणाम चालू असला पाहिजे. जवळ पुरेशा क्षमतेचं रिकामं सोल जेमही हवं. 'पेटी' (Petty) नावाच्या सगळ्यात लहान जेममध्ये ३० मावतात, लेसरमध्ये ६०, कॉमनमध्ये १२०, ग्रेटरमध्ये १८०, ग्रँडमध्ये ६००. स्कॅम्प मारायचा तर कॉमन लागेल. लेसर घेऊन गेलात तर आत्मा हातचा जाईल. माणसांचे आत्मे या गेममध्ये पकडता येत नाहीत, तस्करांवर हा खंजीर तपासण्यात अर्थ नाही.

पायरी ८: उलटणारे मंत्र

ही चाचणी शेवटी ठेवली, कारण ती पहिल्या दिवशी लागत नाही, पण जेव्हा लागते तेव्हा फार जोरात लागते.

पॅरलाइज म्हणजे समोरच्याला जागच्या जागी गोठवणं. वारावर फुटणारा दोन सेकंदांचा पॅरलाइज माझ्या मते या गेममधला सगळ्यात ताकदीचा मंत्र आहे. माझा खंजीर दरोडेखोरांवर, डन्मर आणि नॉर्ड दोघांवरही, पक्का तपासलेला होता. ठोका बसला की माणूस काठीसारखा ताठ, जागीच उभा. तो घेऊन एका डेड्रिक अवशेषात (डेड्रांच्या पडक्या मंदिरात) गोल्डन सेंटच्या पुढे गेलो. ४००चा आत्मा हवा होता, कारण कॉन्स्टंट इफेक्टला एवढा आत्मा लागतोच. पहिला वार लागला, ती गोठली. दुसरा लागला, ती पुन्हा गोठली. तिसरा ठोका ऐकला आणि मीच जागच्या जागी गोठलो. बटणं दाबतोय, हात हलत नाही, आणि वरून तिचे वार मोजतोय. गोल्डन सेंटकडे रिफ्लेक्ट असतो, म्हणजे आलेली जादू अधूनमधून टाकणाऱ्यावरच उलटते, शस्त्रातून आलेली जादूसुद्धा.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. अनोळखी डेड्रा किंवा अ‍ॅट्रोनाक दिसला की पहिले काही वार उलटलं तरी परवडेल अशा शस्त्राने करायचे, छोट्या विजेच्या खंजिराने. स्वतःची लाल पट्टी बघत राहायचं. समोरच्याने न मारताच ती खाली आली तर तो उलटवतोय. मग पॅरलाइजचा खंजीर म्यानातच ठेवायचा, साध्या धारदार तलवारीने काम संपवायचं, आणि सोल ट्रॅप फक्त समोरच्याची जीवपट्टी अगदी टोकाला आल्यावर.

सेव्ह त्या अवशेषाच्या दाराबाहेर करा. आत शिरल्यावर नको.